कोतवाल बुकांतील बिननांवाचीं बाळें

वाशीमचें नांव निघालें कीं इतिहासाचा अभ्यासक वाकाटकांच्या वत्सगुल्माकडे वळतो व ताम्रपट उलगडूं लागतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु वऱ्हाडचें आणखी एक दप्तर आहे, तें कोतवाल बुक. आज लोक तें उघडवितात तें बहुधा जातीच्या दाखल्यासाठीं.

गांवांत जन्म वा मृत्यु झाला म्हणजे कोतवालानें वर्दी द्यावी व ती नोंदली जावी, ही इंग्रजी अमलांतील वहिवाट. जन्माच्या नोंदींत बापाचें नांव असे; बाळाचें पुष्कळदां नसेच. नुसतें ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसें बाराव्या दिवशीं, आणि तेथवर किती बाळें पोंचत नसत! मृत्यूचें कारण बहुधा एकच लिहिलेलें असे: ताप.

त्या तापाखालीं काय काय दडलें असेल! पांचवीच्या रात्रीं घरोघर सटवाई पुजली जाई. पाट्यावर विळा ठेवीत. आतां वैद्यक सांगतें कीं नाळेच्या जखमेंतून शिरणारा धनुर्वात बहुधा तिसऱ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत प्रकट होतो: बाळ दूध ओढीत नाहीं, जबडा मिटतो, अंग कमानीसारखें वांकतें. आमच्या पणज्यांस संकटाची तिथि बरोबर ठाऊक होती. मात्र नाळ कापणारें मळकें पातें आणि तें संकट यांचा संबंध त्यांना कोणीं सांगितला नाहीं. त्या रोगाचा जंतु किटासाटोनें 1889 सालींच वेगळा केला होता. भारतांत प्रत्येक जिल्ह्यांत हजार जन्मांमागें या रोगाचें प्रमाण एकाहून खालीं आलें, हें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें तें 2015 सालीं.

सारा दोष सुईणीच्या माथीं मारण्याची जुनी रीत मला पटत नाहीं. 1899-1900 च्या दुष्काळांत उपाशी मातेच्या पोटीं आलेलें किडकिडें बाळ कोणत्या सुईणीनें वांचवावें? कमी वजन, दिवस भरण्यापूर्वींचा जन्म, न्यूमोनिया, जंतुदोष हीं कारणें धनुर्वाताइतकींच निर्दय आहेत. विदर्भाच्याच दुसऱ्या टोकास, गडचिरोलींत, डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांना शिकवून बाळंतिणीच्या घरीं धाडलें. त्या बाळाचें वजन करीत, त्याला ऊब देत, गरज पडल्यास सुई टोंचीत. तेथें हजार जन्मांमागें पहिल्या महिन्यांतील मृत्यु 1993-95 मध्यें 62 होते, ते 1997-98 मध्यें सुमारें 25 वर आले.

वाशीम जिल्हा 1905 सालीं मोडून अकोल्यांत गेला व 1998 सालीं पुन्हां निराळा झाला. पणजोबांची नोंद शोधणारा पणतू आज जुन्या नकलेवरून बोट फिरवितो. मध्येंच ‘मुलगी, ताप’ अशी एखादी ओळ येते. ती पणजोबांची धाकटी बहीणहि असूं शकेल. तो पुढल्या ओळीवर जातो.