चार खुरांचा तोल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



श्रावणात लातूरहून औशाकडे किंवा नांदेडहून भोकरकडे निघालात, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन लागते. एरवी अशा शिवारात पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस दिसायचा. अलीकडे कुठे कुठे बांधावर घोळका जमलेला असतो, भुंग्यासारखा आवाज येतो आणि सहा पंख्यांचे एक यंत्र दहा लिटरची टाकी पोटाशी धरून पिकावरून सरकत जाते. पोरे मागे धावतात. म्हातारी माणसे विचारतात, “हे कुठून आणलं?” मला आज जरा वेगळे विचारायचे आहे. हे घडले कसे, आणि आपल्याकडे का घडू नये?

आधी नावाची गोष्ट. ड्रोन म्हणजे नर मधमाशी. १९३५ साली इंग्रजांनी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी वैमानिकाशिवाय उडणारे एक विमान केले आणि त्याला ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी, असे नाव दिले. तो धागा धरून अमेरिकी नौदलाने आपल्या अशाच विमानांना ड्रोन म्हणायला सुरुवात केली. नाव पुढे टिकले.

पण अनेक पंख्यांवर उचलले जाणारे यंत्र त्याहून जुने आहे. १९०७ साली फ्रान्समधल्या दुए गावी लुई ब्रेगे याने भाऊ जाक आणि प्राध्यापक शार्ल रिशे यांच्या साथीने चार मोठ्या पंख्यांचे यंत्र उभारले. ते माणसाला घेऊन जेमतेम दोन फूट उचलले गेले. तेही कसे? चार कोपऱ्यांवर चार माणसे ते धरून उभी होती. आपल्याकडे बाज उचलताना चार जण चार खुरांना धरतात. एकाने जास्त उचलले की बाज कलंडते. अगदी तसेच. १९२४ साली एमिशेन नावाच्या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने अनेक पंख्यांच्या यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला. तरीही ही वाट मागे पडली. एका माणसाने इतक्या पंख्यांचा तोल सतत सांभाळणे फार जड जात होते. पुढे एका मोठ्या पंख्याचे हेलिकॉप्टर आले आणि तेच चालले.

मग त्या चार माणसांची जागा शेवटी कोणी घेतली? नखाएवढ्या एका चकतीने. यंत्र कुठे आणि किती वेगाने कलते आहे हे ती ओळखते. शेजारचा छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करून कोणता पंखा वाढवायचा आणि कोणता कमी करायचा हे ठरवतो. चारांपैकी दोन पंखे उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे. सगळे एकाच दिशेने फिरले, तर यंत्र स्वतःच उलटे गरगरू लागेल. यंत्राला ना शेपटी लागते, ना सुकाणू. पंख्यांचा वेग कमी-जास्त केला की ते पुढे जाते, वळते, थांबते.

ही चकती स्वस्त झाली ती मोबाइल फोनमुळे. फोनसाठी ती लाखोंनी बनू लागली. हलक्या लिथियम बॅटऱ्या आणि घासणारे ब्रश नसलेल्या मोटारीही त्याच सुमारास हाताशी आल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनी, अमेरिका, फ्रान्समधल्या हौशी मंडळींनी घरच्या टेबलावर अशी यंत्रे जुळवली, आपटली, पुन्हा जुळवली. तोल सांभाळणाऱ्या संगणकाच्या आज्ञावल्या त्यांनी सर्वांना मोकळ्या करून दिल्या. २०१३ साली चिनी कंपनीचा ‘फँटम’ बाजारात आला, त्याआधीची वाट या हौशी लोकांनी पाडली होती.

महाराष्ट्रही यात मागे नव्हता. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या अंकित मेहता आणि त्यांच्या मित्रांनी २००७ साली ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. पुण्याजवळच्या दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेबरोबर त्यांनी ‘नेत्र’ हे दीड किलो वजनाचे चार पंख्यांचे यंत्र केले. २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरात अडकलेली माणसे शोधायला ते वापरले गेले. त्याआधी तुम्ही-आम्ही त्यांचे यंत्र पडद्यावर पाहिले होते. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये एक विद्यार्थी कॅमेरा लावलेले यंत्र बनवत असतो आणि त्याला मुदत वाढवून मिळत नाही. ते यंत्र याच मंडळींनी पुरवले होते.

त्या मुलाची आठवण लातुरात बसून काढताना मन जरा चुरचुरते. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातल्या किती घरांचे भाग्य बदलले! शेतकऱ्याची मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली. नांदेडही आता त्याच वाटेवर आहे. हे श्रेय कोणी हिरावू नये. पण पॅटर्नमध्ये चुकायला जागा नाही, आणि हे यंत्र तर चुकूनच शिकता येते. मोठी बॅटरी लावली की जास्त वेळ उडेल असे वाटते. पण वजन वाढते, पंख्यांना जास्त वीज लागते आणि एका टप्प्यानंतर बॅटरी स्वतःलाच वाहून नेत बसते. पंख्यांची एकूण उचल वजनाच्या निदान दुप्पट हवी, नाहीतर वाऱ्याच्या झोतात यंत्र सावरत नाही. आपल्या मे महिन्यात हवा तापून विरळ होते, पात्यांना पकड कमी मिळते. पुस्तकातले गणित बालाघाटच्या उन्हात तपासावे लागते. टेबलावर चाचणी घेताना पाती काढून ठेवायची, हा पहिला धडा तर बोट कापल्याशिवाय अनेकांना पटत नाही.

याची गरज कुणाला? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तो जिल्हा किनवट-माहूरला लागूनच आहे. विषाच्या धुक्यापासून माणूस लांब राहिला पाहिजे, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतीतील ड्रोन आणि यंत्रमानव यांवर काम करणारे केंद्र उभे राहिले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना आणली. चालवणारे हात तयार होत आहेत. घडवणारे हातही हवेत.

कायदाही आता आडवा येत नाही. २०१४ साली सामान्य नागरिकांच्या ड्रोनवर बंदीच आली होती. २०२१ च्या नियमांनी दार उघडले. व्यवसायासाठी नसलेले दोन किलोपर्यंतचे यंत्र उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना हिरव्या क्षेत्रात, आपल्या आवारात, संशोधनासाठी बऱ्याच परवानग्यांतून सूट आहे. मात्र नांदेड आणि लातूर दोन्हीकडे विमानतळ आहेत, म्हणून सरकारी नकाशा आधी पाहावा. २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, पण सुटे भाग आणता येतात. म्हणजे जोडणारा आणि दुरुस्त करणारा माणूस इथलाच लागणार. कापणी-मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर गावातला मिस्त्री धावून येतो. फवारणीच्या ऐन हंगामात ड्रोन बंद पडला, तर तो पुण्या-मुंबईला पाठवून कसे चालेल?

नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून गुरु गोविंदसिंहजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आहे. लातुरातही अशी महाविद्यालये आहेत. संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधताना वारा बघून गाठ वर-खाली करणारी पोरेही आपल्याकडे कमी नाहीत. तोल म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना आधीच कळलेले असते. त्यांना हवी एक खोली, चार मोटारी, डाख द्यायचे हत्यार आणि यंत्र पडल्यावर “किती मार्क गेले?” असे न विचारता “का पडले ते वहीत लिही” म्हणणारा एक शिक्षक. पालकांनो, तुमच्या घरात असे एखादे पोर बारावीच्या पुस्तकाखाली मोटारी लपवून ठेवत असेल, तर परीक्षा झाल्यावर तरी त्या त्याला परत द्या.