पत्त्यांची टंचाई आणि लिनक्सची तोड

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारली गेलेली आणि 2001 मध्ये जगभरच्या वैज्ञानिकांना अर्पण झालेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची असून, त्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात, तर उरलेल्या सुमारे 25 किलोमीटर पसरलेल्या तीन भुजांवर आहेत. प्रत्येक अँटेना प्रकाशीय तंतूने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेली असल्यामुळे या ग्रामीण परिसरात दूरवरच्या यंत्रांना एका जाळ्यात बांधण्याचे काम बरेच आधी झाले. पुढे 2010 च्या सुमारास अँटेनांचे संकेत एकत्र जुळवण्याचे कामही लिनक्सवर चालणाऱ्या सामान्य संगणकांच्या समूहाकडे सोपवण्यात आले.

अशा समूहांतील बहुतेक यंत्रे आपसांतच बोलतात, आणि त्या प्रत्येकाला जगाला दिसणारा पत्ता देणे परवडणारे नव्हते. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता 32 द्विमान अंकस्थानांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे 4.3 अब्जच होतात, आणि ही मर्यादा 1990 च्या दशकाच्या आरंभीच अभियंत्यांच्या ध्यानात आली होती. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा या टंचाईवरचा तात्पुरता उपाय कागदावर आलेला होता: मे 1994 मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनी पत्ता-रूपांतराची, म्हणजे ‘नॅट’ची पद्धत मांडली होती. 192.168 ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसारखे काही गट खासगी वापरासाठी राखून ठेवायचे आणि आतल्या सर्व यंत्रांनी बाहेर पडताना एकच सार्वजनिक पत्ता वापरायचा, हे तिचे सार आहे. जुन्नरच्या बाजारपेठेचा माल नाणेघाटाच्या एकाच वाटेने कोकणात उतरत असे, तसाच हा एकमुखी मार्ग. फरक इतकाच की येथे दारातून जाताना प्रेषकाचे नावच बदलते आणि उत्तर योग्य यंत्राकडे परत पोहोचावे म्हणून दारावरच नोंदवही ठेवली जाते.

लिनक्समध्ये ही नोंदवही गाभ्यातच, म्हणजे कर्नेलमध्ये, सांभाळली जाते. 1996 च्या 2.0 गाभ्यात हे काम ‘आयपी मास्करेडिंग’ या नावाने होत असे. 1999 च्या 2.2 मध्ये ‘आयपीचेन्स’ आले, 2001 च्या 2.4 मध्ये रस्टी रसेल यांच्या पुढाकाराने ‘नेटफिल्टर’ आणि ‘आयपीटेबल्स’ आले, आणि 2014 च्या 3.13 पासून ‘एनएफटेबल्स’ त्यांची जागा घेऊ लागले. मांडणीची रीत मात्र फारशी बदलली नाही: प्रथम एका जोडणीवरून दुसरीकडे पाकिटे, म्हणजे माहितीचे तुकडे, पाठवण्याची मुळात बंद असलेली मुभा सुरू करावी लागते, आणि मग ‘नॅट’ तक्त्यातील ‘पोस्टराउटिंग’ साखळीत, पाकीट बाहेर पडण्याच्या अखेरच्या टप्प्यावर, नियम लिहावा लागतो. बाहेरचा पत्ता कायम असेल तर ‘एसनॅट’ आणि सेवापुरवठादार तो वरचेवर बदलत असेल तर ‘मास्करेड’ वापरतात. आतल्या सर्व्हरपर्यंत बाहेरून वाट द्यायची असेल तर ‘प्रीराउटिंग’ साखळीत ‘डीनॅट’चा नियम घालतात. पत्ता बदलणे म्हणजे पहारा नव्हे. कोणाला आत सोडायचे हे ‘फॉरवर्ड’ साखळीतील स्वतंत्र नियमच ठरवतात, आणि ते न लिहिता भिंत उभी राहिली असे मानणे ही या व्यवस्थेविषयीची सर्वांत जुनी गैरसमजूत आहे.

फेब्रुवारी 2011 मध्ये जागतिक साठ्यातील उरलेले पत्त्यांचे गट वाटून संपले आणि एप्रिल 2012 मध्ये सेवापुरवठादारांच्या स्वतःच्या रूपांतरासाठी 100.64 ने सुरू होणारा वेगळा गट राखण्यात आला. त्यामुळे नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारातील मोबाइलधारकही अनेकदा शेकडो अनोळखी लोकांबरोबर एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतो. सहाव्या आवृत्तीच्या 128 अंकस्थानी पत्त्यांमुळे ही टंचाई मुळातच मिटते, तरीही जुन्या यंत्रणांसाठी रूपांतर चालूच राहिले आहे, आणि अडचणीपुरती काढलेली तोड तीन दशकांत रूढ रीत होऊन बसली आहे.