एकपात्री विनोदाचे रशियन भाषांतर : यंत्र, बोली आणि मधली भाषा

मराठवाड्याच्या रंगभूमीच्या इतिहासात प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाचे स्थान निर्विवाद आहे. लग्नासाठी खेड्यातून लंडनला निघालेल्या वऱ्हाडातील ५२ व्यक्तिरेखा त्यात एकच नट उभ्या करतो. आज ज्यास ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात, तिच्याशी या प्रयोगाचे नाते जवळचे आहे. दोहोंतही नेपथ्य गौण आणि बोलणे हेच सर्वस्व. असे बोलणे कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे रशियनमध्ये नेले तर त्यातील काय उरते, हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न नव्हे.

रशियनचा यंत्राशी संबंध जुना आहे. १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉर्जटाउन विद्यापीठ व आयबीएम यांनी २५० शब्द आणि ६ नियमांच्या बळावर ६० हून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणून दाखविली. मराठीचा रशियनशी संबंध मात्र माणसांनी जोडला. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत संघात गेले. तात्याना कातेनिना यांचा मराठी व्याकरणावरील रशियन ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. गूगलच्या भाषांतर-सेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. मराठी-रशियन समांतर मजकूर अल्प असल्याने अनेक प्रणाली इंग्रजीच्या पुलावरून जात आल्या, आणि विनोदाचा घात होतो तो याच पुलावर.

‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा भेद रशियनमध्येही आहे (‘पशोल’, ‘पश्ला’). ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हाही आहे. दोन्ही तीरांवर असलेली वस्तू मधल्या इंग्रजीत बुडते. एकाच नटाच्या तोंडून बाई बोलते की पुरुष, हे ज्या प्रत्ययावरून कळते तोच गळतो. व्याह्याशी अदबीने बोलणारा मनुष्य पोराशी बोलावे तसा बोलू लागतो. मग हशा पडत नाही. पडलाच तर भलत्या ठिकाणी.

बोलीची हानी याहून गंभीर. ‘व्हतं’, ‘म्या’, ‘आन्’ ही रूपे भाषांतरात सहसा प्रमाण होऊन जातात. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून मराठा आरक्षण आंदोलनाची भाषणे मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत राज्यभर ऐकली गेली. तिला प्रमाणभाषेच्या दुभाष्याची गरज पडली नाही. ही बोली आता केवळ विनोदी पात्राची राहिलेली नाही. म्हणून रशियनमध्ये तिला अडाण्याची भाषा म्हणून रंगविणे जितके अन्यायाचे, तितकेच तिला पुसून टाकणेही.

संहिता यंत्राकडे देण्यापूर्वी प्रत्येक वाक्यापुढे वक्ता, त्याचे लिंग आणि समोरच्याशी असलेले नाते नोंदविल्यास संबोधनाची बाजू बरीचशी सावरता येते. बोलीसाठी रशियनचे कोणते वळण निवडावे, हे मात्र दोन्ही भाषा जाणणाऱ्या अभ्यासकाकडेच राहते.