सजीवांची लक्षणे

सजीवांची लक्षणे : सजीवांना निर्जीवांपासून वेगळे करणारे गुणधर्म. पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, हालचाल, चेतनाक्षमता व प्रजनन ही यादी शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती उपयोगी आहे. मात्र तिच्यातले एकेक लक्षण सुटे घेतले, तर ते कसोटीला उतरत नाही. तुरटीच्या संपृक्त द्रावणात टांगलेला खडा वाढतो. वणवा पसरतो, ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि ठिणगीतून दुसरीकडे नवा पेटतो. याउलट खेचर धडधाकट असूनही त्याला सहसा संतती होत नाही, कारण घोड्याची 64 व गाढवाची 62 गुणसूत्रे यांच्या संकरातून त्याच्या वाट्याला 63 येतात आणि त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. खडा बाहेरून थर चढून वाढतो. पेशी बाहेरचे द्रव्य आत घेते, मोडते आणि त्यातून आपलीच यंत्रणा नव्याने घडवते, तेही स्वतःजवळच्या आनुवंशिक सूचनेबरहुकूम. वणव्यापाशी अशी सूचना नसते. तो कुठे आणि किती जळेल, हे गवत आणि वारा ठरवतात. खेचराच्या पेशींत मात्र हे काम अखंड चालू असते. म्हणून आनुवंशिक सूचनेने चालणारा स्वतःचा चयापचय हेच सजीवाचे मूळ लक्षण मानणे योग्य. यादीतील बाकीची लक्षणे त्यातूनच उद्भवतात.

यावर पहिला आक्षेप सुक्या बियाण्याचा. कोठीतल्या हरभऱ्यात चयापचय जवळजवळ थांबलेला असतो. मग तो निर्जीव म्हणावा काय? एक चांगला दाणा आणि एक उष्णतेने मारलेला दाणा भिजत घातला, तर दोन्ही फुगतात आणि दोन्हींच्या सालीवरच्या सुरकुत्या जातात. फुगणे म्हणजे नुसते पाणी शोषणे. त्याचा जिवंतपणाशी संबंध नाही. पुढे चांगल्या दाण्यात श्वसन वेग घेते आणि मोड येतो, मेलेला दाणा बुळबुळीत होऊन कुजतो. बीजपरीक्षण प्रयोगशाळांना मोडाची वाट पाहावी लागतेच असे नाही. जर्मनीतील गेऑर्ग लाकॉन यांनी 1940 च्या दशकात विकसित केलेल्या टेट्राझोलियम चाचणीत भिजवलेले बी कापून रंगहीन द्रावणात ठेवतात. जिवंत ऊतींतील श्वसनाची विकरे त्या द्रव्याला तांबडे करतात, मृत भागाला रंग चढत नाही. यावरून दिसते, की सुक्या दाण्यात काम थांबले तरी काम करणारी रचना शाबूत असते. आंब्याच्या कोयीचे तसे नाही. ती पुरती वाळली की रचनाच मोडते, आणि मग कितीही पाणी घातले तरी ती रुजत नाही. तेव्हा चयापचय या क्षणी चालू असणे आवश्यक नाही. अनुकूल परिस्थितीत तो स्वबळावर सुरू करण्याची क्षमता पुरते.

दुसरा आक्षेप विषाणूंचा, आणि तो अधिक बिकट आहे. वेंडेल स्टॅन्ली यांनी 1935 मध्ये तंबाखूवरील केवडा रोगाचा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. त्या स्फटिकांनी निरोगी झाडांना रोग होत असे. विषाणूजवळ आनुवंशिक सूचना असते, तिच्यात उत्परिवर्तने होतात आणि नैसर्गिक निवडही होते. परंतु ती अमलात आणण्यासाठी लागणारी ऊर्जा आणि प्रथिने बांधणारे रायबोसोम तो आश्रयी पेशीकडून वापरतो. बी पाण्याची वाट पाहते. विषाणूला दुसऱ्याची जिवंत पेशीच लागते. या निकषानुसार पेशीबाहेरचा विषाणू सजीव ठरत नाही, जरी सजीवांच्या उत्क्रांतीत त्याचा वाटा मोठा असला तरी. 2003 मध्ये ओळख पटलेल्या मिमिव्हायरसने हा वाद पुन्हा पेटवला, कारण प्रथिननिर्मितीत लागणारी काही जनुके त्याच्यात आढळली. तरीही स्वतःचे पूर्ण रायबोसोम घडवणारा विषाणू आजवर सापडलेला नाही.