बोरघाटांतील बोलणें

लोणावळ्यास एखाद्या रविवारीं सकाळीं जुन्या महामार्गाच्या कडेला चहाच्या दुकानाशीं थांबावें, म्हणजे एक मौजेचा देखावा दृष्टीस पडतो. जमिनीला जवळजवळ टेकलेल्या, दोनच माणसांपुरत्या, तांबड्या-पिवळ्या रंगांच्या चारपांच स्पोर्ट्‌स मोटारी गुरगुरत येतात आणि एका ओळींत उभ्या राहतात. त्यांतून उतरणारे गृहस्थ पहांटे मुंबईहून किंवा पुण्याहून निघालेले असतात. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी कारखानदार. आमची समजूत अशी होती कीं, या मंडळींचें सारें बोलणें वेगाविषयीं असावयाचें. म्हणून एकदां शेजारच्या बाकावर बसून आम्ही कान देऊन ऐकूं लागलों. पहिलीं दहा मिनिटें मोटारींत गेलीं खरीं. टायर किती महिने टिकला, गतिरोधकावर गाडीचें पोट घासूं नये म्हणून ती कशी तिरकी चढवावी, घाट उतरल्यावर ब्रेकला वास कां येतो, याचा ऊहापोह झाला. पण दुसरा चहा आला आणि बोलणें वळलें. एकाच्या आईचे गुडघे, दुसऱ्याच्या मुलीची परीक्षा, तिसऱ्याचा भावाशीं वडिलोपार्जित घरावरून चाललेला वाद. मोटारीची गोष्ट केवळ दार उघडण्यापुरती होती. त्या दारानें जो तो आपल्या संसाराचें ओझें घेऊन आंत आला.

घरीं परततांना आमच्या मनांत आलें कीं, घाट चढून माथ्यावर थांबावें आणि दोन शब्द बोलावे, ही रीत कांहीं या मंडळींनीं काढलेली नव्हे. ती घाटवाटेइतकीच जुनी असली पाहिजे. बोरघाटाचा इतिहास पुष्कळांनीं फौजांच्या, व्यापाराच्या व आगगाडीच्या अंगानें लिहिला आहे. येथें तो प्रवाशांच्या बोलण्याच्या अंगानें पाहावा, असा आमचा विचार आहे. या वाटेनें जाणारे कशाविषयीं बोलले, आणि त्या बोलण्यांत कोणास जागा मिळाली नाहीं, हा आमचा प्रश्न.

या वाटेवरील फार जुनें बोलणें कार्ल्याच्या लेण्यांत दगडावर कोरलेलें आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल सह्याद्रीच्या घाटांनीं देशावर चढे, व त्या वाटांच्या आश्रयानें मावळांतील हीं लेणीं उभीं राहिलीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील स्तंभांवर दात्यांचीं नांवें आहेत. त्यांत धेनुकाकट नगराचे रहिवासी पुष्कळ, आणि स्वतःस यवन म्हणविणारेही कांहीं आहेत. इतक्या दूरच्या नांवाच्या माणसानें मावळच्या डोंगरांत एका खांबाचें दान द्यावें, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु त्याच्या मालाचें ओझें ज्यांनीं घाट चढवून आणलें, त्यांचा उल्लेख तेथें शोधूनही सांपडत नाहीं. देणाराचें नांव राहिलें, वाहणाराचें गेलें. पुढील इतिहासाची ही जणूं नांदीच होय.

१७७९ च्या जानेवारींत याच भागांत निराळी मंडळी आली. रघुनाथरावांस पुण्यास नेऊन बसविण्याच्या हेतूनें मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून निघाली होती. बरोबर तोफा, दारूगोळा आणि हजारों बैल. दिवसाची मजल कित्येकदां मैलभरही होत नसे. ४ जानेवारीस कार्ल्यानजीक कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनीं शत्रूच्या शौर्याची कदर करून त्यास ‘इष्टुर फाकडा’ म्हटलें, आणि तें नांव मावळानें अद्यापि टाकलेलें नाहीं. पुढें आठवड्याभरांत जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत लोटून ही फौज रात्रीं मागें फिरली व वडगांवास तिला तह करावा लागला. पराभवाचीं कारणें अनेक होतीं. तथापि चाकाला न जुमानणारा मावळचा मुलूख हें त्यांतील एक होतें, यांत संशय नाहीं.

१८२५ सालीं बिशप हेबर या वाटेनें पुण्यास गेले, तेव्हांही घाटांत गाडी चालण्याजोगा रस्ता नव्हता. तो सर जॉन माल्कम या गव्हर्नरांनीं १० नोव्हेंबर १८३० रोजीं खुला केला. त्याच काळांतील खंडाळ्याजवळचा दगडी पूल पुढें एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून ‘अमृतांजन पूल’ म्हणून प्रसिद्धीस आला. माल्कम साहेबांचें नांव विद्वानांपुरतें उरलें, मलमाचें नांव मात्र प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडीं बसलें. हा पूल वाढत्या वाहतुकीस अडचणीचा झाला आणि एप्रिल २०२० मध्यें, रस्ते ओस पडले असतां, सुरुंग लावून पाडण्यांत आला. एकशें नव्वद वर्षांची वस्तु क्षणांत गेली. तिची आठवण आतां केवळ बोलण्यांत उरली आहे.

आगगाडीची कथा याहून दारुण आहे. १८५६ सालीं काम सुरू झालें आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतील लोहमार्ग खुला झाला. सुमारें सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण आणि पंचवीस बोगदे. १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा कंत्राटदार या कामासाठीं विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट आपल्या अंगावर घेऊन तडीस नेलें. तिची ही हिंमत स्मरणीय आहे. परंतु काम ऐन भरांत असतां घाटांत बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि पटकीच्या सांथींत त्यांतील किती दगावले याची गणती कोणीं मनापासून ठेविली नाहीं.

लोकांनीं ती उणीव आपल्या रीतीनें भरून काढली. खोपोलीच्या वर जुन्या रस्त्यालगत शिंगरोबाचें देऊळ आहे. लोककथा अशी कीं, साहेबांस घाटांतून वाट सांपडेना. तेव्हां शिंगरोबा नांवाच्या धनगरानें गुरांच्या पायवाटेवरून ती दाखविली, आणि काम होतांच साहेबांनीं त्याचा प्राण घेतला. या कथेस कागदाचा आधार आहे कीं नाहीं, हा प्रश्न येथें गौण आहे. देशभरचे रस्ते वाट दाखविणारास विसरले. येथें मात्र जाणारायेणारा ड्रायव्हर गाडी हळू करून एक नाणें टाकतो. त्या नाण्यांत मावळचा इतिहासलेखनावरील अभिप्राय आहे, असें आम्हांस वाटतें.

मोटार आली ती या सर्वांच्या मागून. पहिल्या मोटारी श्रीमंतांच्या व संस्थानिकांच्या. मोटारमालकांची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही संस्था मुंबईस १९१९ सालीं निघाली. त्या काळीं घाट चढणें ही एक परीक्षाच असे. चढणीवर इंजिन तापे, रेडिएटरमधील पाणी उकळे, पेट्रोलची नळींतच वाफ होऊन यंत्र अडे. म्हणून माथ्यावर आल्यावर बॉनेट उघडून गाडी निवेपर्यंत थांबणें भाग होतें. आमच्या मतें मोटारवाल्यांच्या गप्पांचा जन्म या सक्तीच्या विसाव्यांत झाला. ज्याची गाडी अडली त्यास दुसऱ्याची मदत लागे, आणि मदत घेतल्यावर नांव, गांव, मुलेंबाळें विचारल्यावांचून सुटका नसे. थंड पाण्याचा डबा घेऊन येणारा खंडाळ्याचा पोरही त्या बोलण्यांत ओढला जाई.

स्पोर्ट्‌स मोटारीची या वाटेवरील सर्वांत गाजलेली गोष्ट जे. आर. डी. टाटा यांची. तरुणपणीं त्यांच्यापाशीं निळी बुगाटी होती, आणि तिच्यांतून त्यांनीं मुंबई-पुणें अंतर सुमारें अडीच तासांत तोडलें, असें सांगितलें जातें. याच वेगाच्या हौसेपायीं त्यांच्यावर मुंबईस खटला झाला; बचावासाठीं ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले, तेथें वकिलांची पुतणी थेल्मा भेटली, आणि १९३० सालीं दोघांचा विवाह झाला. मोटारीच्या गोष्टीचा शेवट संसारांत व्हावयाचा, हा नियम येथेंही चुकला नाहीं! परंतु त्याच घराण्याच्या कंपनीनें लोणावळें, वळवण व शिरवतें येथें धरणें बांधून १९१५ पासून खोपोलीस वीज काढली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या, आणि ज्यांचीं शेतें पाण्याखालीं गेलीं त्यांनीं बुगाटीची गोष्ट ऐकली असेल असें वाटत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि कित्येक मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या गॅसची भट्टी बसली. तिची शक्ति बेताची, तेव्हां वेगाचा प्रश्नच मिटला. पुढें परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधनें आलीं. तीं सुटेपर्यंत ज्यांच्याजवळ जुनी एम. जी. किंवा तत्सम स्पोर्ट्‌स गाडी होती, ते तिचे मालक कमी आणि वैद्य अधिक झाले. कोणता सुटा भाग कोणत्या गांवच्या भंगारांत आहे, कोणता मिस्त्री कार्बुरेटर लावण्यांत कुशल आहे, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें तोंडोतोंडीं चाले. टंचाईनें या मंडळींस एकत्र बांधलें, आणि त्या बांधणींत मळकट कपड्यांच्या मिस्त्रीचा मान मालकाच्या बरोबरीचा होता.

२००२ सालीं द्रुतगती मार्ग पुरा खुला झाला आणि हा क्रम पालटला. सुमारें ९४ किलोमीटरचा हा रस्ता बांधणीच्या दृष्टीनें अभिमानास्पद आहे. पण येथें थांबणें हाच अपराध ठरला. दुचाकी, बैलगाडी व पायीं चालणारा यांस त्यावर मज्जाव. म्हणजे मावळचा शेतकरी ज्यावर पाऊल ठेवूं शकत नाहीं असा रस्ता मावळांतून गेला. शिंगरोबा त्या वाटेवर भेटत नाहीं. वेगानें आपला करही वसूल केला. काम चालू असतांच, फेब्रुवारी २००१ मध्यें, अभिनेत्री भक्ति बर्वे यांचा या मार्गावरील अपघातांत अंत झाला. तेव्हांपासून अशा वार्ता थांबलेल्या नाहींत.

९ ऑगस्ट २०११ रोजीं मात्र हा मार्ग थांबला. पवना धरणाचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेस विरोध करण्यासाठीं मावळचे शेतकरी बऊर येथें रस्त्यावर बसले. पोलिसांच्या गोळीबारांत तिघे मरण पावले, त्यांत एक स्त्री होती. त्या दिवशीं अडकलेल्या मोटारींतून जें बोलणें झालें असेल, त्याची कल्पना करणें कठीण नाहीं. किती तास गेले, कोणाचें विमान चुकलें, कोणाची बैठक बुडाली. आम्हीही त्याच वर्गांतले आहों, आणि त्या जागीं असतों तर आम्हीही घड्याळच पाहिलें असतें. म्हणूनच हें लिहितांना संकोच वाटतो. रस्त्यावर बसलेल्या माणसाशीं बोलण्याची भाषा आम्हांजवळ उरली नव्हती काय?

ती अगदींच गेलेली नाहीं, असें अलीकडे एका प्रसंगानें आम्हांस वाटलें. कामशेतजवळ जुन्या रस्त्यावर आम्ही चहास थांबलों होतों. एका बाकावर स्पोर्ट्‌स मोटारीचा तरुण मालक. दुसऱ्यावर तिघे शेतकरी, नुकतेच बैलगाडा शर्यतीहून परतलेले. पुणें जिल्ह्यांत या शर्यतीच्या चढत्या धांवपट्टीस ‘घाट’ म्हणतात आणि धांवेस ‘बारी’. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींवर बंदी घातली; २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रांत परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्यें न्यायालयानें ती कायम केली. शेतकरी बैलांचे खूर, खुराक, कोणत्या खोंडाचा दम शेवटीं तुटतो, यांविषयीं बोलत होते. त्यांच्या जागीं टायर, पेट्रोल व इंजिन हे शब्द घातले असते, तर तें शेजारच्या बाकावरचेंच बोलणें झालें असतें.

त्यांतील वडीलधारा फेटेवाला मोटारीकडे बराच वेळ पाहत होता. शेवटीं त्यानें विचारलें, “दादा, ही किती शेकंदांत बारी मारती?”

तरुण प्रथम गोंधळला, मग हंसून म्हणाला, “काका, शंभराचा वेग गांठायला चार सेकंद लागतात.”

“आन् ब्रेक?”

“तोच तर प्रश्न आहे,” तरुण म्हणाला आणि बाकावर सरकून त्यानें जागा केली.

मग ब्रेकचें झालें, खुरांचें झालें, आणि दुसऱ्या चहाला बोलणें ठरल्याप्रमाणें वळलें. म्हाताऱ्याची कांहीं जमीन रस्त्यांत गेली होती, मुलगा कारखान्यांत कंत्राटी होता, आणि उरलेल्या दोन एकरांसाठीं बंगलेवाल्यांचे दलाल खेपा घालीत होते. तरुणाचा लोणावळ्याजवळ एक बंगला होता, असें त्याच्या बोलण्यांत पूर्वीं येऊन गेलें होतें. तो गप्प झाला. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “काका, विकणार का?” म्हाताऱ्यानें उत्तर दिलें नाहीं, उलट विचारलें, “तुमच्या बंगल्याच्या जागंवर आधी काय पेरत व्हते, ठावं हाय का?”

तरुणास तें ठाऊक नव्हतें. आम्हांसही आमच्या पुण्याच्या घराखालीं पूर्वीं काय पिकत होतें, तें ठाऊक नाहीं. चहाचे पैसे म्हाताऱ्यानें कोणास देऊं दिले नाहींत. तरुण मुंबईकडे निघाला तेव्हां समोरच द्रुतगती मार्गाकडे जाण्याची पाटी होती. त्यानें दुकानदारास जुन्या घाटानें उतरण्याची वाट विचारली, आणि शिंगरोबाचें देऊळ डाव्या हातास लागतें कीं उजव्या, हेंही विचारून घेतलें.