मध, मेदु आणि मोह

पनवेलच्या एका शाळेत बोलताना मी सांगितले, की रशियन भाषेत अस्वलाला ‘मेदवेद’, म्हणजे मध खाणारा, असे म्हणतात. एक विद्यार्थी लगेच म्हणाला, “म्हणजे रशियन संस्कृतातूनच निघाली!” काही शिक्षकांनीही माना डोलावल्या. हा निष्कर्ष तपासून पाहू.

साम्य खरेच आहे. ऋग्वेदात मध खाणाऱ्या पक्ष्यांना ‘मध्वद’ म्हटले आहे. ‘मेदवेद’ची घडण तशीच. आद्य स्लाव भाषेत मधाला ‘मेदु’ म्हणत. ती भाषा कोणी लिहून ठेवली नाही. रशियन, पोलिश, चेक या तिच्या लेकी ताडून पाहून अभ्यासकांनी हा शब्द पुन्हा उभा केला. लिथुआनियन ‘मेदुस’ (मध), ग्रीक ‘मेथु’ (मद्य) आणि जुन्या इंग्रजीतील ‘मेदु’ (मधाची दारू) हे त्याचे भाऊबंद.

या सर्वांत ‘मधु’तल्या ‘अ’च्या जागी ‘ए’ आहे. आता संस्कृत ‘दम’ (घर) घ्या. रशियन ‘दोम’, ग्रीक ‘दोमोस’, लॅटिन ‘दोमुस’. इथे सगळीकडे ‘ओ’! संस्कृत ही जननी असेल, तर तिचा एकच ‘अ’ कधी ‘ए’ आणि कधी ‘ओ’ का व्हावा, आणि तोही दूरदूरच्या भाषांत एकसारखा? मुळात दोन वेगळे स्वर होते आणि संस्कृतात ते एक झाले, असे मानले की कोडे सुटते. उलट, मूळचा ‘ध’ संस्कृतने जपला, स्लाव भाषांत त्याचा ‘द’ झाला. म्हणून मूळ शब्द ‘मेधु’ असा ठरतो. संस्कृत आणि आद्य स्लाव या मायलेकी नसून एकाच कुळातल्या आहेत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एकच असावा, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडले होते.

आणि आपला ‘मध’? प्राकृतात स्वरांमधल्या ‘ध’चा ‘ह’ होई. दधि–दही, बधिर–बहिरा, गोधूम–गहू. ‘मधु’चेही ‘महु’ झाले होते. तरी मराठी ‘मधा’त ‘ध’ आहे, कारण हा शब्द संस्कृतातून पुन्हा घेतलेला दिसतो. तोंडोतोंडी झिजत आलेले रूप मधूक वृक्षाच्या नावात सापडते: मोह.

अशा जोड्या मुलांनाच शोधू द्या. साम्य दिसले, की “नियम कोणता?” एवढे विचारायला मात्र विसरू नका.