माढा आणि त्याची पंचक्रोशी

राजधानीचें शहर केवळ वेशीच्या आंत हिंडून कळत नाहीं. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हें याचें चांगलें उदाहरण आहे. तेथील राजवाडे पाहून झाल्यावर प्रवासी एक दिवस हेलसिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्यास देतो व दुसरा रोस्किल्डेच्या प्रार्थनामंदिरास. क्रोनबोर्गच्या पायथ्याशीं असलेल्या सामुद्रधुनींतून जाणाऱ्या जहाजांवर डेन्मार्कचे राजे १८५७ पर्यंत जकात घेत असत. रोस्किल्डेस त्याच राजांच्या समाध्या आहेत. द्रव्य कोठून आलें आणि राजे अखेर कोठें गेले, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें शहराबाहेर, एकेका दिवसाच्या वाटेवर मिळतात.

हीच रीत सोलापूर जिल्ह्यांतील माढ्यास लावून पाहावी, असें आम्हांस वाटतें. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशांत वसलेलें हें तालुक्याचें गांव. अठराव्या शतकांत निजामाचे सरदार रावरंभा निंबाळकर यांच्या घराण्याचें येथें ठाणें होतें. त्यांचा किल्ला व माढेश्वरीचें देऊळ हीं येथील मुख्य प्रेक्षणीय स्थळें. पाहुणा तासा-दोन तासांत तीं पाहून मोकळा होतो, आणि 'येथें फारसें कांहीं नाहीं' असा अभिप्राय देऊन गाडी गांठतो. हा अभिप्राय उतावळा आहे.

त्यानें एक दिवस उत्तरेस परांड्याकडे जावें. १६०० सालीं अहमदनगरचा किल्ला मोंगलांनीं घेतला, तेव्हां मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहास पुढें करून कांहीं काळ परांडा हीच राजधानी केली. अहमदनगरास १५४९ मध्यें ओतलेली मलिक-इ-मैदान ही प्रचंड तोफ परांड्याहूनच १६३२ त विजापुरास गेली. राज्य बदललें कीं तोफाहि धनी बदलतात, हें तेथील बुरुज पाहून मनांत ठसतें. दुसऱ्या दिवशीं करमाळ्यास जावें. तेथील किल्ला रावरंभांनीं आरंभिला व त्यांचे चिरंजीव जानोजी यांनीं पुरा केला. कमलाभवानीचें शहाण्णव खांबांचें देऊळहि याच घराण्याचें. हीं दोन ठिकाणें पाहून परत आल्यावर माढ्याचा किल्ला एकटा राहत नाहीं. निजाम व पेशवे यांच्या मुलखांच्या सीमेवर उभ्या असलेल्या एका जहागिरीचा तो दुवा ठरतो. पुढें परांडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत आणि माढा मुंबई इलाख्यांत राहिला. एकाच इतिहासाचीं पानें अशीं दोन दप्तरांत विभागलीं गेलीं.

महत्त्व ओसरलें कसें, तें कुर्डुवाडीस कळतें. मुख्य लोहमार्गावरील या स्थानकापासून १८९७ सालीं बार्शीकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांची लहान गाडी सुरू झाली. १९०६ त ती पंढरपुरास पोंचली. ज्या वाटेनें धान्य, कापूस आणि वारकरी जाऊं लागले, तिच्या फांट्यावर नवें गांव वाढलें. जुन्या ठाण्यास गाडी लाभली, परंतु फांटा लाभला नाहीं.

शेवटचा दिवस अरणास द्यावा. सरदारांच्या कितीतरी आधीं, १२९५ सालीं, सावता माळी येथें समाधिस्थ झाले. मळा हीच त्यांची पंढरी. ते वारीस गेले नाहींत, अशी परंपरा सांगते. म्हणून आजहि आषाढांत विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणास येते. राजधानीनें आपल्या पायांनीं खेड्यास भेटावयास यावें, हा प्रकार कोपनहेगनच्या वाटांवर आम्हांस आढळत नाहीं.

अरणची स्मृति जगण्यास कोणत्याहि खात्याची गरज पडली नाहीं. लोकच ती दरवर्षीं चालत नेतात. किल्ल्याचें तसें नसतें. त्यापुढें दिवा लावावा असें कोणास वाटत नाहीं, आणि पडक्या गढीचा चिरा शेजारच्या घराच्या जोत्यास लागला, तरी गांवाला हळहळ वाटत नाहीं. माढ्याच्या शाळांतील मुलांस वर्षांतून चार दिवस या चार वाटांनीं नेलें, तर निदान आपण कशावर पाय देऊन उभे आहों, एवढें त्यांस कळेल. चिरा जागेवर ठेवण्यास त्याहून मोठा पहारा आम्हांस दिसत नाहीं.